डियाना डर्बिनचे सिनेमे बघायचेत? कुठून सुरू करायचं आणि काय ऐकायचं

जुन्या हॉलिवूडमधली गाणारी मुलगी म्हटलं की लोकांना जूडी गार्लंड आठवते नाहीतर शर्ली टेंपल. डियाना डर्बिन म्हटलं की विचारतात, ही कोण? मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण 1930 च्या दशकाच्या शेवटी ही पोरगी जगभर माहीत होती. आपले सत्यजित राय लहान असताना त्यांनी तिला फॅन म्हणून पत्र लिहिलं होतं आणि तिचं उत्तरही आलं होतं, 1992 साली ऑस्कर स्वीकारताना आजारपणात हॉस्पिटलच्या बेडवरून त्यांनी ही आठवण आवर्जून सांगितली. तर ज्यांना तिचं काम बघायचंय पण 21 सिनेमांची यादी बघून कुठून धरावं कळत नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिली गोष्ट, सुटे क्लिप बघत बसू नका. म्हणजे नंतर बघा हवं तर, पण सुरुवात तिथून नको. तिचं गाणं जवळजवळ नेहमी गोष्टीच्या कुठल्यातरी अडचणीत येतं, कोणाला तरी पटवायचं असतं, कुठून तरी सुटायचं असतं, ते माहीत नसेल तर नुसती एक गोड मुलगी उभी राहून ऑपेरातलं काहीतरी गातेय एवढंच दिसतं आणि दोन मिनिटांत कंटाळा येतो.

सुरुवात करा 'एव्हरी संडे' या 1936 च्या शॉर्ट फिल्मपासून. दहा-अकरा मिनिटांची आहे. एमजीएम स्टुडिओने दोन नवख्या मुलींना एकत्र घेऊन केलेली, एक डियाना (खरं नाव एडना मे, जन्म 4 डिसेंबर 1921, कॅनडातलं विनिपेग, पण वाढली कॅलिफोर्नियात) आणि दुसरी जूडी गार्लंड. गोष्ट एवढीशीच, बागेत दर रविवारी आजोबांच्या बँडचा कार्यक्रम असतो, ऐकायला कोणी येत नाही म्हणून तो बंद पडणार असतो आणि या दोघी गाऊन गर्दी जमवतात. एक क्लासिकल गाते, एक स्विंग, म्हणजे तेव्हाचं नाचऱ्या ठेक्याचं जॅझ. दोघींचे आवाज शेजारी शेजारी ठेवून ऐका. जूडी गाणं पुढे ढकलते, तिच्यात धग आहे. डियाना वरच्या सुरात जाते तेव्हा चेहऱ्यावर काहीच ताण नाही, मान ताठ होत नाही, तोंड वेडंवाकडं होत नाही. चौदा वर्षांची मुलगी! एमजीएमने जूडीला ठेवलं, डियाना गेली युनिव्हर्सल स्टुडिओकडे.

आता कानाबद्दल थोडं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाश्चात्य सोप्रानो (बाईचा सगळ्यात उंच पट्टीचा) आवाज पहिल्यांदा ऐकला की किंचाळल्यासारखा वाटतो आणि त्यात ते नव्वद वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग, वरचे सूर चिरके येतात, खालचे बसके. मोबाईलच्या स्पीकरवर तर ऐकूच नका, हेडफोन लावा. आणि तिची साधी इंग्रजी गाणी आधी ऐका, ऑपेराचे तुकडे मागाहून. शब्द किती स्वच्छ येतात बघा, सबटायटल नसले तरी कळतं. तिचे शिक्षक होते आंद्रेस द सेगुरोला, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायलेले, त्यामुळे पाया पक्का होता. गाणी आधी रेकॉर्ड करून मग शूटिंगला ओठ हलवायची पद्धत तिकडेही होती पण आवाज तिचा स्वतःचाच, प्लेबॅकवाला कोणी नाही.

यानंतर 'थ्री स्मार्ट गर्ल्स', तोही 1936 चाच. टायटल्समध्ये तिचं नाव 'युनिव्हर्सलचा नवा शोध' म्हणून येतं. तीन बहिणी, वडील दुसरं लग्न करायला निघालेत, ते मोडायला पोरी स्वित्झर्लंडहून न्यूयॉर्कला येतात. पोलीस स्टेशनमधला सीन चुकवू नका, तिथे ती मी ऑपेरा सिंगर आहे म्हणून ठोकून देते आणि मग गाऊन दाखवते. तेव्हा युनिव्हर्सलची अवस्था फार वाईट होती, कर्जापायी त्याच वर्षी स्टुडिओ संस्थापक लेमली कुटुंबाच्या हातून गेला होता, आणि या सिनेमाला बेस्ट पिक्चरचं ऑस्कर नॉमिनेशन मिळालं. एका मुलीने स्टुडिओ वाचवला असं लोक म्हणतात. एकटीने नसेल वाचवला, निर्माता जो पास्टरनाक आणि दिग्दर्शक हेन्री कोस्टर यांचं श्रेय मोठं आहे, हे दोघे युरोपातून आलेले आणि तिला कसं वापरायचं ते त्यांना बरोबर कळलं होतं.

एकच सिनेमा बघणार असाल तर मात्र 'वन हंड्रेड मेन अँड अ गर्ल' (1937) बघा. मंदीचा काळ, वडील ट्रॉम्बोन वाजवणारे पण बेकार, त्यांच्यासारखे शंभर वादक बेकार, आणि ही पोरगी त्यांचा ऑर्केस्ट्रा उभा करायच्या मागे लागते. त्यासाठी तिला लिओपोल्ड स्टोकोव्स्की हवा असतो, खराखुरा जगप्रसिद्ध कंडक्टर, सिनेमात तो स्वतःच आहे. तो काही ऐकत नाही. मग सगळे वादक त्याच्या घरात घुसतात आणि जिन्यावर पायरी पायरीवर उभे राहून संगीतकार फ्रान्झ लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवायला लागतात. तो वर कठड्याशी उभा, आधी चिडलेला, आणि मग त्याचे हात बघा फक्त. हात आपोआप उचलले जातात, त्याला थांबवायचं असतं पण हात ऐकत नाहीत आणि शेवटी तो कंडक्ट करायला लागतो. डियाना त्या वेळी गात नाहीये, नुसती बघतेय, आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून माझ्या अंगावर अजूनही काटा येतो. या सिनेमात तिने मोझार्टचं 'अलेलुया' गायलंय, ते दोनदा ऐका. संगीताचं ऑस्कर या सिनेमाला मिळालं. मुलांना घेऊन बघायला हाच उत्तम, दीड तासाच्या आत संपतो.

मधले दोन-तीन सिनेमे गोड आहेत पण साचा तोच, घाई असेल तर सोडले तरी चालतील. 1938 सालच्या कामासाठी तिला आणि तिच्यासारखाच कोवळ्या वयाचा नट मिकी रूनी याला मुलांसाठीचं खास छोटं ऑस्कर मिळालं. 'फर्स्ट लव्ह' (1939) मात्र बघा, सिंड्रेलाचीच गोष्ट आहे, त्यात रॉबर्ट स्टॅक तिला पडद्यावरचा पहिला किस देतो आणि तेव्हा पेपरांत त्याची बातमी झाली होती. अॅमस्टरडॅमला अॅन फ्रँक नाझींपासून जिथे लपून राहिली त्या खोलीच्या भिंतीवर तिने चिकटवलेल्या चित्रांमध्ये डियानाचाही फोटो आहे. हे माहीत असलं की तो सिनेमा नुसता गोड राहत नाही.

इथून पुढे बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा, पोरगी मोठी होतेय आणि स्टुडिओला ती मोठी व्हायला नकोय. 'इट स्टार्टेड विथ ईव्ह' (1941) मध्ये चार्ल्स लॉटन म्हाताऱ्याच्या भूमिकेत आहे, दोघांची जोडी इतकी छान जमलीये की त्यात गाणी कमी आहेत हे जाणवतही नाही. पास्टरनाकबरोबरचा हा तिचा दहावा आणि शेवटचा सिनेमा, मग पास्टरनाक एमजीएमला गेला. त्याच सुमारास तिने एक सिनेमा करायला नकार दिला म्हणून स्टुडिओने तिला सस्पेंड केलं, मिटलं तेव्हा कथा आणि दिग्दर्शक निवडताना तिचंही मत घ्यायचं ठरलं. वय वर्षं वीस.

मग 1944 चा 'ख्रिसमस हॉलिडे' बघा, दिग्दर्शक रॉबर्ट सिओडमॅकचा. नावावर जाऊन मुलांसोबत बसू नका, अंधारा सिनेमा आहे, खुनी नवरा (आणि तो कोण तर जीन केली, नाचणारा) आणि क्लबमध्ये गाणारी ही. आवाज मुद्दाम खाली आणलाय, थकलेला, आणि तो पहिल्या सिनेमातल्या मुलीचाच आहे यावर विश्वास बसत नाही, म्हणून तर क्रमाने बघा म्हणतेय. त्यावर उतारा म्हणून 'लेडी ऑन अ ट्रेन' (1945), रहस्य आणि विनोद दोन्ही, त्यात ती फोनवरून वडिलांना 'सायलेंट नाइट' गाऊन दाखवते. रंगीत हवा असेल तर 'कान्ट हेल्प सिंगिंग', तिचा एकमेव टेक्निकलर, संगीत जेरोम कर्नचं. 1946 नंतरचे सिनेमे मी कोणाला सुचवत नाही, तिचं मन त्यात नाही हे दिसतं.

आणि तिचं पुढे काय झालं हे वाचायला लागाल तेव्हा 'बिचारी विस्मृतीत गेली' छापाचे लेख भरपूर सापडतील, ते बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त पगार घेणाऱ्या बायकांमध्ये तिचं नाव होतं आणि तरी 1948 च्या सिनेमानंतर, सत्तावीसही पूर्ण नसताना, तिने स्वतः सगळं सोडलं. आधीची दोन लग्नं मोडली होती, 1950 मध्ये तिने 'लेडी ऑन अ ट्रेन'चा दिग्दर्शक चार्ल्स डेव्हिडशी लग्न केलं आणि पॅरिसजवळच्या नोफ्ल-ल-शातो या गावात राहायला गेली. बोलावणी येत राहिली, ती गेली नाही. 1983 मध्ये डेव्हिड शिपमन या सिने-इतिहासकाराला एक मुलाखत दिली, बाकी पत्रकारांना दार बंद. 2013 च्या एप्रिलमध्ये, 91 व्या वर्षी गेली. जूडी गार्लंड 1969 मध्येच गेली होती, फक्त 47 वर्षांची, स्टुडिओत असताना लागलेली औषधाच्या गोळ्यांची सवय तिला शेवटपर्यंत सुटली नाही. म्हणून हे सगळं बघून झालं की परत 'एव्हरी संडे' लावा, अकराच मिनिटं लागतात, आणि या वेळी गाण्यांपेक्षा त्या दोघी एकमेकींकडे कशा बघतात ते बघा.