डार्कटेबलमधला नवा टोन मॅपर कसा तपासून बघावा

डार्कटेबल या फोटो-संपादनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये नवं मॉड्यूल, म्हणजे नवं साधन, आलं की बहुतेकजण एखादा आवडता फोटो उघडतात, मॉड्यूल चालू करतात, ‘भारी दिसतंय’ म्हणतात आणि मोकळे होतात. यात तपासलं काहीच जात नाही. दोन चित्रांतलं जे किंचित उजळ आणि ठसठशीत असेल तेच डोळ्याला आवडतं, मग मागचं गणित कितीही कच्चं असो. म्हणून टोन मॅपर तपासायचा तर आधी दोन्ही चित्रांचा उजेड सारखा करावा लागतो. बाकीची सगळी खटपट त्यानंतरची.

टोन मॅपरचं काम थोडक्यात असं. कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेला उजेडाचा पल्ला पडद्यावर मावत नाही, तो मावेल असा दाबून बसवायचा आणि तो दाबताना रंग बिघडू द्यायचे नाहीत. डार्कटेबलमध्ये यासाठी २०१८ साली २.६ आवृत्तीत फिल्मिक आलं, २०२२ च्या डिसेंबरात ४.२ मध्ये सिग्मॉइड आलं आणि २०२५ मध्ये विकासाधीन आवृत्त्यांत एजीएक्स दिसू लागलं. एजीएक्सची मूळ कल्पना ट्रॉय सोबोत्का यांची. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅमने २०२३ मध्ये ४.० आवृत्तीपासून तेच मुख्य ठेवलं, त्यामुळे थ्रीडीवाल्यांना ते आधीपासून परिचयाचं होतं. खाली उदाहरण एजीएक्सचं घेतलंय, पण कृती कुठल्याही नव्या टोन मॅपरला चालते.

आधी घर वेगळं करा

गिटहबवर, म्हणजे डार्कटेबलचा कोड जिथे ठेवलाय त्या साइटवर, डार्कटेबलच्या ‘नाइटली’ म्हणजे ताज्या कोडवरून तयार झालेल्या आवृत्त्या मिळतात. लिनक्सवर ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल) उतरवा आणि फाइलला चालवण्याची परवानगी द्या, झालं. विंडोजवर इन्स्टॉल करताना नेहमीच्या आवृत्तीचं फोल्डर न देता वेगळं द्या.

पण ती लगेच उघडू नका. नवी आवृत्ती पहिल्यांदा चालू झाली की तुमच्या फोटोंचा डेटाबेस नव्या रचनेत बदलू शकते आणि एकदा बदललेला डेटाबेस जुनी आवृत्ती उघडत नाही. यावर उपाय सोपा आहे. टर्मिनलमधून डार्कटेबल चालवताना दोन डॅश लावून ‘कॉन्फिगडिर’ हा पर्याय द्यायचा आणि पुढे एका नव्या, रिकाम्या फोल्डरचा पत्ता लिहायचा. विंडोजवर हेच शॉर्टकटच्या टार्गेटमध्ये शेवटी जोडता येतं. आता चाचणीच्या आवृत्तीचा डेटाबेस, सेटिंग आणि प्रीसेट सगळं वेगळं राहील.

एवढं करूनही एक भोक उरतं. डार्कटेबल प्रत्येक फोटोशेजारी केलेल्या बदलांची नोंद ठेवणारी एक्सएमपी फाइल लिहितं आणि ती डेटाबेसमध्ये नसते, फोटोच्याच फोल्डरात असते. म्हणून चाचणीचे फोटो कॉपी करून वेगळ्या फोल्डरात घ्या. पैसे घेऊन केलेलं काम तर चाचणीच्या आवृत्तीत उघडूच नका. विकास चालू असताना मॉड्यूलचे स्लायडर आणि त्यामागचं गणित बदलत राहतं, आज केलेला संस्कार पुढच्या महिन्यात तसाच दिसेल याची कोणी हमी देत नाही.

अवघड फोटो निवडा

ढगाळ दुपारच्या फोटोत सगळे टोन मॅपर सारखेच शहाणे असतात. खरी कसोटी गडद, प्रखर रंगांत लागते. विसर्जन मिरवणुकीतले निळे-जांभळे एलईडी, रंगीत कंदिलाच्या आत पेटलेला बल्ब, होळीची आग, समुद्रावरचा मावळता सूर्य, हळदीने माखलेला चेहरा. सोबत एक साधा फोटो ठेवा, ज्यात त्वचा आणि पांढरा कपडा दोन्ही आहेत. पाच-सहा फोटो पुरतात. आपल्याकडे नसतील तर raw.pixls.us या संग्रहात बऱ्याच कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा, मोफत आहेत.

फोटो डार्करूममध्ये, म्हणजे संपादनाच्या पानावर, उघडल्यावर चित्राखालचं रॉ ओव्हरएक्स्पोज्ड दाखवणारं बटण दाबा. रॉमध्येच जो भाग जळालाय तिथे टोन मॅपरला दोष देण्यात अर्थ नाही, तो प्रश्न जळालेला भाग सावरणाऱ्या हायलाइट रीकन्स्ट्रक्शन मॉड्यूलचा. बल्बचा मधला ठिपका जळालेला असणारच. आपल्याला त्याच्या भोवतीची कड बघायची आहे.

दोघांना एका पातळीवर आणा

फोटोची डुप्लिकेट काढा. एकावर जुना टोन मॅपर, दुसऱ्यावर नवा. दोन टोन मॅपर एकाच फोटोवर कधीही चालू ठेवू नका. प्रेफरन्सेसमधल्या वर्कफ्लोच्या सेटिंगमुळे एखादा आपोआप चालू झालेला असतो, तो आठवणीने बंद करा. व्हाइट बॅलन्स दोन्हींत एकच. लोकल कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग, रंग चढवणारी मॉड्यूल सगळी बंद.

आता फोटोत मधल्या उजेडाची, रंगहीन जागा शोधा: डांबरी रस्ता, सिमेंटची भिंत, राखाडी फरशी. ग्लोबल कलर पिकरने तिथला चौकोन निवडा आणि लॅब या रंगमोजणीतला एल, म्हणजे उजळपणाचा, आकडा वाचा. १८ टक्के राखाडीचा एल साधारण ५० येतो. फोटोच्या एका प्रतीत ४६ आणि दुसरीत ५१ दिसत असेल, तर एक्स्पोजर हलवून आधी ते जुळवा. पाच आकड्यांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण शेजारी ठेवल्यावर उजळ चित्र हमखास जिंकतं. हा टप्पा गाळला तर पुढचं काहीच करू नका, वेळ वाया जाईल.

एक्स्पोजर ढकलून बघा

माझ्या मते सगळ्यांत बोलकी चाचणी हीच. दोनशे टक्के झूम करून निळ्या एलईडीच्या किंवा ज्योतीच्या कडेवर या आणि एक्स्पोजरचा स्लायडर उणे ३ ईव्हीपासून (ईव्ही हे एक्स्पोजरचं एकक) अधिक ४ ईव्हीपर्यंत सावकाश न्या. नजर फक्त कडेवर.

चांगला टोन मॅपर असेल तर रंग उजळत उजळत फिकट होतो आणि शेवटी पांढऱ्यात विरतो. गडबड असेल तर रंग एका जागी अडतो, निळ्याचा सपाट डबा दिसतो, किंवा ज्योतीचा नारिंगी रंग अचानक लिंबासारखा पिवळा होतो. कारण सोपं आहे. उजेड दाबणारा वक्र (कर्व्ह) लाल, हिरवा, निळा यांवर सुटा सुटा लावला की नारिंगीतला लाल आधी टोकाला पोचतो, हिरवा मागून चढत राहतो आणि रंग पिवळ्याकडे सरकतो. एजीएक्स वक्र लावण्याआधी मूळ तीन रंग थोडे आत ओढून घेतं, म्हणजे शुद्ध निळ्यातही लाल-हिरव्याचा अंश मिसळतो आणि तिन्ही मिळून पांढऱ्याकडे जातात. नंतर गेलेला रंग काही प्रमाणात परत आणता येतो. नेमकं किती परत आणायचं यावर मतभेद असतात, आणि हळदीचा फोटो इथेच कामी येतो: गालावरची हळद मातकट झाली की आत ओढणं जास्त झालं.

हे सगळं मूळ सेटिंगवर करा. मग उजेडाची वरची आणि खालची मर्यादा पिकरने ठरवून बघा, मग कॉन्ट्रास्ट, मग तयार प्रीसेट. एका वेळी एकच गोष्ट हलवा.

तुलनेसाठी स्नॅपशॉट घ्या, चित्रावर मधोमध रेघ येते आणि ती सरकवता येते. कलर असेसमेंटचं बटण दाबलं की चित्र राखाडी पार्श्वभूमीवर पांढऱ्या चौकटीत दिसतं, निकाल तिथेच ठरवा. पडद्याचा नाइट मोड बंद हवा, हे सांगायला नको. जमलं तर दोन्ही चित्रं क आणि ख नावाने एक्स्पोर्ट करून घरातल्या कुणाला तरी दाखवा, कुठलं कशाचं ते न सांगता.

चूक सापडली तर

आधी ओपनसीएल, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेणारी सोय, बंद करून तोच फोटो पुन्हा उघडा. ग्राफिक्स कार्डावर आणि प्रोसेसरवर मॉड्यूलचा कोड वेगळा चालतो, त्यामुळे चूक एकाच बाजूला असू शकते. हा फरक कळवलात तर विकासकाचं अर्धं काम हलकं होतं.

मग गिटहबवर तीच तक्रार आधी कुणी नोंदवली आहे का ते शोधा. नसेल तर आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टीम, ग्राफिक्स कार्ड, चूक पुन्हा घडवायच्या पायऱ्या, रॉ आणि तिची एक्सएमपी फाइल द्या. एका नोंदीत एकच चूक. ‘रंग आवडले नाहीत’ यावरून कुणाला काही करता येत नाही; ‘अधिक २ ईव्हीच्या पुढे निळ्या दिव्याभोवती जांभळी कड येते, सिग्मॉइडमध्ये येत नाही’ यावरून येतं. जोडलेली फाइल कुणालाही उतरवता येते, त्यामुळे फोटोत चेहरे असतील तर त्या माणसांना आधी विचारा, नाहीतर तीच चूक दाखवणारा एखादा रस्त्यावरचा दिवा टिपून पाठवा.