सिस्टीम बदलायच्या आधी या चुका टाळा

"ही सिस्टीमच भंगार आहे, नवीन आणूया." प्रत्येक ऑफिसमध्ये हे वाक्य अधूनमधून ऐकू येतंच, आणि त्यातला राग खरा असतो, दिवसभर तिच्याशी झुंजणाऱ्याचा त्रास त्यालाच ठाऊक. पण मी अशा दोन-तीन बदलांमधून गेलेय आणि दरवेळी पाहिलंय की घाई केली की जुनं दुखणं नव्या स्क्रीनवर तसंच्या तसं येऊन बसतं, वर ट्रेनिंगचा ताप वेगळा.

काम कुठे अडतंय हे न मोजणं

ही सगळ्यात मोठी चूक. आमच्याकडे खरेदीच्या मंजुरीला नऊ-दहा दिवस लागायचे, सगळे म्हणायचे सॉफ्टवेअर स्लो आहे, नवीनचे डेमोसुद्धा सुरू झालेले. मग अकाउंट्समधल्या एका मॅडमनी मागच्या वीस रिक्वेस्ट काढल्या आणि कागदावर प्रत्येकीसमोर तीन वेळांची नोंद केली: कधी आली, कधी उघडली, कधी पुढे गेली. एका रिक्वेस्टवरचं प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचंही नव्हतं, बाकी सगळे दिवस ती एकाच साहेबांच्या इनबॉक्समध्ये पडून, कारण पेनाच्या रिफिलपासून मोठ्या मशीनपर्यंत सगळ्याला सही त्यांचीच. छोट्या रकमांची मंजुरी टीम लीडकडे दिली आणि दोन आठवड्यांत मंजुऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळायला लागल्या, सॉफ्टवेअर तेच.

यात साहेबांचा आळस नव्हता बरं का. रांगेचं गणितच तसं आहे. कामं कधीही येतात आणि कमी-जास्त वेळ खातात असं धरलं, तर करणारा एकटा माणूस ८० टक्के बिझी असताना एका कामाला जितका वेळ लागतो त्याच्या सरासरी ४ पट वेळ ते आधी नुसतं रांगेत थांबतं, ९० टक्क्यांना ९ पट, आणि ९५ टक्क्यांना १९ पट. म्हणजे जरा काम वाढलं की सगळं एकदम ठप्प झाल्यासारखं वाटतं, आणि आपण म्हणतो सिस्टीम बिघडली.

लोकांच्या खासगी एक्सेल शीट बंद करणं

मॅनेजरला हा बेशिस्तपणा वाटतो. पण ज्याने स्वतःची शीट बनवलीये त्याला सिस्टीममध्ये काहीतरी सापडलेलं नाहीये, तेच बघायचं. डिस्पॅचवाल्या एका दादांच्या शीटमध्ये "शेरा" असा एक कॉलम होता आणि त्यात ओळीमागून ओळ एकच गोष्ट, "आधी फोन करून मग पाठवणे". ऑर्डरच्या फॉर्ममध्ये डिलिव्हरीची वेळ टाकायला जागाच नव्हती! एक फील्ड वाढवलं, दादांचे फोन थांबले. डेमोमध्ये हे कधीच कळलं नसतं. त्यामुळे शीट हिसकावू नका, शेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा की हे कशासाठी लिहिता.

विचित्र वाटणाऱ्या स्टेप्सचंही तेच, दोन सह्या कशाला, हा जुना नंबर कशाला. कारण सांगणारं कोणी सापडेपर्यंत ती काढू नका, ऑडिटच्या वेळी तोच नंबर लागतो असं नंतर निघतं.

"का" विचारून माणसाच्या नावावर थांबणं

टोयोटामध्ये अडचणीच्या मुळापर्यंत जायला पाच वेळा "का" विचारायची पद्धत आहे, ती चांगलीच आहे, पण आपल्याकडे दुसऱ्याच "का"ला कोणाचं तरी नाव येतं आणि मीटिंग संपते. नाव आलं की पुढचा प्रश्न हा, की त्या जागी दुसरं कोणी असतं तरी हे झालं असतं का? बहुतेकदा उत्तर हो असतं.

सगळं एकाच रात्रीत बदलणं

ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या ग्राहकांचा कारभार नव्या प्लॅटफॉर्मवर हलवला. डेटा नीट गेला, पण नवीन प्लॅटफॉर्मच लगेच कोलमडला, लाखो लोकांना खात्यात शिरता येईना आणि पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड ठोठावला. आपलं ऑफिस एवढं मोठं नसेल, पण एका टीमवर आधी चालवून बघणं आपल्यालाही जमतंच की.

आणि हो, कधीकधी बदलावंच लागतं. सिक्युरिटी अपडेट येणं बंद झालंय, बिघडलं तर दुरुस्त करणारं कोणी उरलं नाहीये, किंवा नियमाला लागणारी नोंद त्यात ठेवताच येत नाही, तर उगाच जुन्याला कवटाळू नका. फक्त जुनी सिस्टीम लगेच पुसून टाकू नका, इंटरनेटपासून तोडून नुसती बघण्यापुरती चालू ठेवा, निदान एक वर्षअखेर पार पडेपर्यंत, कारण वर्षातून एकदाच लागणारे रिपोर्ट नवीनमध्ये आलेत की नाही हे तेव्हाच कळतं.