जॅम-ज्यूससाठी फळ घेताना या चुका टाळा

"दिसायला खराब आहे ना, मग ज्यूसला टाका" ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वाकडंतिकडं, लहान, सालीवर डाग असलेलं फळ प्रोसेसिंगला खुशाल घ्या, पण सडलेलं फळ ही वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्ही एकाच क्रेटमध्ये गेलं की नंतर लॅबचा रिपोर्ट फेल येतो आणि सगळे मशीनकडे बघत बसतात.

सफरचंदाचंच घ्या. पेनिसिलियम एक्सपान्सम नावाची निळसर-हिरवी बुरशी लागली की पॅट्युलिन हे विष तयार होतं आणि ते पाश्चरायझेशनने जात नाही, म्हणजे "उकळलं की सगळं मरतं" हे इथे चालतच नाही. कोडेक्सची (अन्नाचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणारी संस्था) मर्यादा सफरचंदाच्या ज्यूसला किलोमागे ५० मायक्रोग्रॅम आहे, युरोपात लहान बाळांच्या खाण्याला तर फक्त १०. आणि बुरशी कधीकधी आत बियांच्या गाभ्यात असते, बाहेरून फळ एकदम चकाचक! म्हणून प्रत्येक लॉटमधली थोडी फळं कापून बघा, वरवर बघून पास करू नका. निवड क्रशरच्या आधीच व्हायला हवी, एकदा रस निघाला की काही वेगळं करता येत नाही.

रिपोर्टमध्ये पॅट्युलिन मर्यादेपेक्षा जास्त आलं तर? चांगल्या बॅचमध्ये मिसळून आकडा खाली आणायचा विचारही करू नका, युरोपच्या कायद्यात त्याला सरळ बंदी आहे आणि खाणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर ते बरोबरच आहे. बॅच बाजूला ठेवा, कुठल्या लॉटचं फळ होतं ते शोधा. लॉट नंबर लिहिलेला नसेल तर मात्र सगळाच माल अडकतो.

जॅमवाल्यांची चूक वजनाची. कोडेक्सच्या जॅम स्टँडर्डमध्ये फळाचं प्रमाण साधारणपणे किमान ४५ टक्के, कमी फळाच्या दुसऱ्या गटात किमान ३५, काही फळांना सूट आहे. लोक काय करतात, साल, देठ, बियांसकट वजन धरतात आणि मग टक्का कमी भरतो. साफ केलेल्या फळाचं वजन धरा.

अजून एक, फार पिकलेल्या फळात आंबटपणा कमी होतो, त्यामुळे पीएच (आंबटपणाचं माप, आंबटपणा कमी तर आकडा जास्त) ४.६ च्या वर गेला तर हवाबंद डब्यात बोटुलिझमचा, म्हणजे जीवाणूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो. रेसिपी तीच आहे म्हणून गाफील राहू नका, दर बॅचला पीएच मीटर लावा.