दुनळी देऊन पंप बंदूक घेताय? या चुका टाळा

आमच्या औशाकडं तूर शेंगात आली की रात्रीतून रानडुकरं पडतात, अन् ज्याच्या घरात आजोबापासूनची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक आहे तो हमखास विचारतो, ही देऊन पंप बंदूक घ्यावी का, घेतली तर अमेरिकन रेमिंग्टन ८७० बरी का मॉसबर्ग ५००. पहिली चूक इथंच. नेटवर त्या दोघींचं भांडण बघायला मजा येते पण नवी परदेशी बंदूक आयात करून साध्या लायसनवाल्याला मिळत नाही, कुणाच्या लायसनवरची जुनी विक्रीला निघाली तरच, आणि तिचा एखादा बारका पार्ट तुटला की मग बसा शोधत. त्यापेक्षा तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्याची किंवा जिचे पार्ट इथं मिळतात अशी बघा.

त्या दोघींकडून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे, सेफ्टी कुठं आहे ते. ८७० ला चापाच्या मागं आडवं बटन, मॉसबर्गला वर अंगठ्याखाली. डावखुऱ्या माणसाला वरचीच सोपी. कुठलीही घेताना हे हातात धरून बघा, बंदूक खांद्याला लावून पंप, म्हणजे नळीखालची सरकती मूठ, पूर्ण मागं-पुढं जातो का तेही. हात पुरत नसेल तर तिथंच सोडा.

कारण ‘पंप अडकतो’ म्हणून जी तक्रार येते ती बहुतेक वेळा बंदुकीची नसतेच, आपण पंप अर्धाच खेचलेला असतो. दुनळीत हे काम नव्हतं ना. हळूच, जपून ओढला की उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी नीट बाहेर पडत नाही, मागचं काडतूस वर येत नाही, सगळं मधेच चेंगरतं. जोरात, पार शेवटपर्यंत मागं, तसंच पुढं. तरीबी अडकली तर दस्ता जमिनीवर आपटू नका, आत जिवंत काडतूस असू शकतं. नळी मोकळ्या दिशेला ठेवा, बोट चापाबाहेर, अन् कारागिराकडं न्या.

आता माझी चूक सांगतो. नवी पंप घरी आणल्यावर मी पंप ओढला, काडतूस टपकन खाली पडलं, मला वाटलं झाली रिकामी, म्हणून पुढं ढकलला. तेवढ्यात नळीखालच्या ट्यूबमधलं, जिथं जादा काडतुसं भरतात तिथलं, दुसरं जाऊन बसलं आत! फौजेतून रिटायर झालेले मामा शेजारीच होते, त्यांनी आधी नळी वर धरायला लावली, मग म्हणाले, “बाबू, दुनळी मधे मोडून उघडली की आरपार उजेड दिसतो, हिच्यात दिसत नाही, बोट घालून बघायचं.” ट्यूब कशी रिकामी करायची ते मॉडेलप्रमाणं वेगळं असतं, दुकानातच दोनदा करून घ्या.

काडतुसाचं पण तसंच. नळीवर ६५ कोरलंय का ७० ते वाचा. ७० मिमीचं काडतूस ६५ च्या नळीत गुमान बसतं आणि तिथंच माणूस फसतो, कारण तो आकडा उडाल्यानंतर तोंड उघडलेल्या पुंगळीच्या लांबीचा असतो, तोंड उघडायला जागा नसली की आत दाब वाढतो. काडतूस उडालंच नाही तर लगेच उघडायचं नाही, नळी तशीच धरून अर्धा मिनिट थांबा. नुसतं ‘फुस्स’ झालं तर थांबल्यावर बंदूक रिकामी करून नळीतून उजेड दिसतो का बघा, आत काडतुसातलं बूच अडकलेलं असताना दुसरं उडवलं तर नळी फाटते.

कागदाचं थोडक्यात. २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका, लायसन पाच वर्षांनी रिन्यू. पीक राखायचं लायसन म्हणजे शिकारीची परवानगी नाही, डुक्कर असो का रोही (नीलगाय), वनखात्याच्या परवानगीशिवाय मारलं की केस. वरातीत हवेत उडवली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

अन् रेक्झिनच्या खोळीत पावसाळाभर बंदूक ठेवायची जी पद्धत आहे ती बंद करा. खोळ ओल धरते, काडतूस बसतं त्या जागी गंज चढतो, मग पुंगळ्या चिकटायला लागतात. त्यावर लोक तेल ओततात, आमच्या काळ्या मातीची धूळ त्यात बसून चिखल होतो. पितळी ब्रशनं घासा, फडक्यानं कोरडं करा, तेलाचा नुसता हात फिरवा. माझी आता बिनखोळीची कुलपाच्या कपाटात उभी असते, काडतुसं दुसऱ्या कपाटात.