फ्लॉरेन्स पाहताना पाझ्झी कटाचा माग कसा काढावा

बडोद्याहून युरोपला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सहलीत फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो आणि तो मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहण्याच्या रांगेत सरतो. माझा आग्रह असा, की आणखी एक दिवस काढावा आणि तो पाझ्झी घराण्याने शहरावर वर्चस्व असलेल्या मेदिची घराण्याविरुद्ध १४७८ मध्ये केलेल्या कटाला द्यावा. रेसिडेंट फेअर यांच्यावरील विषप्रयोगाचे प्रकरण घडून १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले नसते, तर सयाजीराव गादीवर आले नसते, हे ध्यानात ठेवून आपण लक्ष्मीविलास पाहतो; मेदिचींचे शहरही तसेच पाहायला हवे.

निघण्यापूर्वी वैराचे मूळ समजून घ्यावे. पोप सिक्स्टस चौथा याला आपल्या भाच्यासाठी इमोला हे नगर विकत घ्यायचे होते. मेदिचींच्या पेढीने त्यासाठी कर्ज देण्याचे टाळले, प्रतिस्पर्धी पाझ्झींनी ते दिले आणि पोपचे किफायतशीर खाते त्यांच्याकडे गेले.

सुरुवात मुख्य कॅथेड्रलपासून करावी; खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. २६ एप्रिल १४७८ या रविवारी येथे प्रार्थना चालू असताना जुलियानो मेदिची याला १९ वार करून मारण्यात आले, तर त्याचा भाऊ लोरेन्झो मानेवर जखम घेऊन वेदीच्या डाव्या बाजूच्या खोलीत शिरला आणि सोबत्यांनी तिची जड कांस्य दारे आतून लावून घेतली. लुका देल्ला रोब्बियाने घडवलेली ती दारे आजही तेथेच आहेत. घुमटाच्या पायऱ्या चढण्याआधी त्यांच्यासमोर थोडा वेळ उभे राहावे.

तेथून पालाझ्झो वेक्कियो हा शहराच्या सरकारचा जुना वाडा पायी काही मिनिटांवर आहे. त्याच्या खिडक्यांतून फ्रान्चेस्को पाझ्झी आणि पिसाचा आर्चबिशप साल्वियाती यांना त्याच दिवशी फाशी देऊन लटकवले गेले. पुढे बार्जेल्लो संग्रहालयात बेर्तोल्दोने या घटनेवर घडवलेले पदक शोधावे. जुलियानोचा मारेकरी बांदिनी कॉन्स्टँटिनोपलला पळाला होता. सुलतान मेहमद दुसरा याने त्याला परत पाठवले आणि डिसेंबर १४७९ मध्ये त्याला फाशी झाली. त्याच्या लटकत्या प्रेताचे लिओनार्दोने काढलेले रेखाटन मात्र फ्रान्समधील बायोन येथे आहे.

सान्ता क्रोचे चर्चच्या आवारातील पाझ्झी चॅपल चुकवू नये. इतकी शांत, प्रमाणबद्ध वास्तू उभारणाऱ्या घराण्यातील वृद्ध याकोपोचे प्रेत लोकांनी उकरून रस्त्यातून फरफटत नेले आणि आर्नो नदीत फेकले, हे आठवले की माझ्या अंगावर काटा येतो.

सान लोरेन्झो चर्चमधील मेदिचींच्या समाध्या पाहताना बहुतेकांची फसगत होते. मायकेलअँजेलोच्या भव्य पुतळ्यांखालील लोरेन्झो आणि जुलियानो हे त्याच नावांचे पुढच्या पिढ्यांतले वंशज आहेत. कटातील दोघे भाऊ मॅडोनाच्या मूर्तीखाली आहेत.

उफिझी हे चित्रसंग्रहालय शेवटी ठेवावे. बोत्तिचेल्लीच्या तेथील ‘मागींची आराधना’ या चित्रात या दोन्ही भावांचे चेहरे असल्याचे मानले जाते. फाशी गेलेल्या कटवाल्यांची चित्रे शहरातील भिंतीवर रंगवण्याचे कामही त्यालाच मिळाले होते. १४९४ मध्ये मेदिची हद्दपार झाल्यावर ती पुसून टाकण्यात आली.