इंडेम्निटी पॉलिसीवरची ‘ती’ तारीख बघितलीय का डॉक्टर?

१९९५ ला सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात धरली, तेव्हापासून प्रोफेशनल इंडेम्निटी (पेशंटने निष्काळजीपणाचा दावा केला तर भरपाई देणारा विमा) बरेच जण काढतात, पण हप्ता भरला की कागद फाईलला लावून मोकळे. एकदा बाहेर काढून वाचा राव. ही पॉलिसी सहसा ‘क्लेम्स-मेड’ असते, म्हणजे ऑपरेशन झालं त्या दिवशी नाही तर क्लेम येतो त्या दिवशी पॉलिसी चालू पाहिजे, शिवाय घटना ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट’च्या (पॉलिसीवरची ‘ती’ तारीख, जिच्या आधीच्या घटना कव्हर होत नाहीत) नंतरची पाहिजे. समजा २०१९ पासून सलग रिन्यू करताय, यंदा दुसरी कंपनी स्वस्त पडली म्हणून तिकडे गेलात आणि त्यांनी तारीख आजची टाकली, तर मागच्या वर्षीच्या सिझेरियनची नोटीस आली की दोन्ही कंपन्या हात वर करणार. आणि ग्राहक आयोगात जायला पेशंटकडे २ वर्षं असतात! म्हणून जुनी तारीख नव्या शेड्यूलवर (पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर) छापून घ्या, एजंटच्या ‘होऊन जाईल सर’ वर जाऊ नका.

लिमिट १:४ (एका केसची मर्यादा : वर्षभराची एकूण मर्यादा) लिहिलंय का तेही बघा. तसं असेल तर १ कोटीच्या कव्हरमध्ये एका केसला २५ लाखच, वकिलाची फी बऱ्याचदा त्यातूनच.

व्हिजिटिंग कन्सल्टंट असाल तर हॉस्पिटलच्या पॉलिसीत तुम्ही आहात असं धरून चालू नका, स्वतःची वेगळी ठेवा. नोटीस आली की त्याच दिवशी कंपनीला मेल टाका, नातेवाईकांशी परस्पर सेटलमेंट तर अजिबात नको, त्यावर क्लेम नाकारला जाऊ शकतो.