खुबा नवा, स्नायू जुने: ऑपरेशननंतर उरलेल्या दुखण्याचं काय करायचं

खुब्याचा सांधा बदलला, टाके निघाले, वॉकर सुटला, काठी हातात आली की घरच्यांच्या लेखी आपण बरे झालेलो असतो. दुखणं मात्र असतंच. ऑपरेशनच्या आधीचं ते नव्हे, हे वेगळं: उठताना मांडीत कळ, रात्री कूस बदलताना ओढ, संध्याकाळी घोट्यावर सूज. त्यात गल्लीत कुणीतरी गाठतंच, "काय ओ काका, अजून दुखलालंय का? आमचा साडू तर महिन्यात गाडी चालवाय लागला की!" अशा साडूंना लांबूनच नमस्कार करावा.

मी सोलापूरच्या चाटी गल्लीत चादरींच्या घाऊक दुकानात हिशोब लिहायचो. सगळी उमर गादीवर मांडी घालून गेली. उजव्या खुब्याचा गोळा झिजला, शेवटी सांधा बदलला. औषधाचं डॉक्टरांनी सांगायचं, व्यायामाचं फिजिओनी. मी लिहितोय ते घरात, या दोघांच्या पाठीमागे, दुखण्याबरोबर दिवस कसा काढायचा त्याविषयी. पडून हाड मोडलं आणि त्यात स्क्रू किंवा रॉड टाकला असेल, तर पायावर किती भार द्यायचा हे गणित निराळं असतं. ते सर्जनना विचारूनच.

आधी एवढं समजून घ्या की नव्या सांध्याला दुखत नाही. तो धातू, प्लास्टिक, कधी सिरॅमिकचा. दुखतं ते त्याच्या भोवतीचं. बाजूला सारलेले आणि पुन्हा शिवलेले स्नायू, टाक्यांखालची कातडी, ज्यात नव्या सांध्याचा दांडा ठोकून बसवला ते मांडीचं हाड. शिवाय खुबा खराब असताना आपण वर्षानुवर्षं लंगडत चाललेलो असतो, त्यात कुल्ल्याचे स्नायू सुकून गेलेले असतात. बहुतेकांचा मोठा ठणका पहिल्या ६ ते १२ आठवड्यांत उतरतो. सूज ३ ते ६ महिने रेंगाळू शकते, आणि स्नायूंची ताकद भरून यायला वर्षही लागतं. तेव्हा तिसऱ्या महिन्यात थोडं दुखतंय म्हणजे ऑपरेशन बिघडलं असं नाही.

वही घाला

हे मी सवयीनं केलं, पण कुणीही करावं. रोज दोन-चार ओळी: किती वाजता, नेमकं कुठं, काय करत असताना, ० ते १० मध्ये किती, आणि कशानं उतरलं. नुसतं "दुखतंय" लिहिणं म्हणजे खतावणीत "किरकोळ खर्च" लिहिण्यासारखं. त्यातून पैसा कुठं गेला ते कधीच कळत नाही. पंधरवडाभर नीट लिहिलंत की दिसतं, एक दुखणं नाही, तीन-चार आहेत, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

जांघेत पुढून कळ येते ती बहुधा पाय उचलताना: पलंगावर पाय घेताना, रिक्षात ठेवताना. पाय वर उचलणारा स्नायू चिडलेला असतो. त्याला थोडे दिवस मदत करा. टॉवेल लांब धरून पावलाखालून घ्यायचा, दोन्ही टोकं हातात, आणि पाय हातांनी ओढून वर ठेवायचा. टॉवेलला सोलापुरात काय तोटा!

खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, त्या कुशीवर टेकवत नाही, जास्त वेळ उभं राहिलं की वाढतं, ते कुल्ल्याच्या कमजोर स्नायूंचं आणि तिथल्या हाडाच्या उंचवट्यावर घर्षण कमी करणारी पातळ पिशवी असते, ती सुजल्याचं. याला विश्रांतीपेक्षा ताकद लागते. स्वयंपाकघराचा ओटा धरून सरळ उभं राहायचं आणि ऑपरेशनचा पाय हळू बाजूला न्यायचा, आणायचा. कंबर वाकवून पाय उंच नेण्यात अर्थ नाही. वीतभरच जाऊ द्या, पण अंग ताठ हवं. हा व्यायाम कधी सुरू करायचा ते मात्र फिजिओ सांगतील, काही ऑपरेशनांत हे स्नायूच शिवलेले असतात.

बराच वेळ बसून उठल्यावर पहिल्या चार-पाच पावलांना मांडीत दुखतं आणि मग सुटतं, ते बऱ्याचदा दांडा बसवलेल्या हाडाचं. उठण्याआधी खुर्चीतच गुडघे दोन-चारदा सरळ करा, उभे राहून एक श्वास घ्या, मग चाला. दुखणं गुडघ्यात जाणवलं तरी घाबरू नका, खुबा आणि गुडघ्याच्या काही नसा एकच, त्यामुळे खुब्याची तक्रार गुडघा करतो. जखमेच्या आसपास बधिर वाटतं, मुंग्या येतात, तेही होतं.

आणि एक पाय लांब झाल्यासारखा वाटणं! यानं बरेच लोक झोप घालवतात. स्नायू आखडलेले असतात, कंबर एका बाजूला तिरकी धरायची सवय असते, त्यामुळे सुरुवातीचे महिने तसं वाटतं आणि पुष्कळांचं आपोआप जातं. डॉक्टरांनी मोजून सांगितल्याशिवाय चपलेला जाड सोल लावून घेऊ नका.

किती चालायचं, किती व्यायाम करायचा याला माझा एकच निकष: दुसऱ्या दिवशीची सकाळ. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि रात्रीत उतरलं, तर तेवढंच चालू ठेवा, हळूहळू वाढवा. सकाळी उठल्यावर कालच्यापेक्षा जास्त दुखतंय, तर आज निम्मं करा. पूर्ण बंद नको. बंद केलं की सांधा आखडतो आणि मग आखडल्याचं दुखणं वेगळं. बरं वाटलेल्या दिवशी मात्र हात आखडता घ्या. नव्वद टक्के लोक त्याच दिवशी बाजार, देऊळ आणि पाहुणे एकदम उरकून घेतात. टक्का माझाच, अंदाजाचा.

बसणं, उठणं, पाणी भरणं

काठी कुठल्या हातात? ऑपरेशनच्या विरुद्ध. उजवा खुबा असेल तर डाव्या हातात. दहातले आठ जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि काठीचा उपयोग होत नाही म्हणतात. विरुद्ध हातात धरली की कुल्ल्याच्या स्नायूंवरचा भार खरोखर कमी होतो. हात मोकळा सोडल्यावर मनगटाची घडी जिथं येते तेवढी मूठ उंच हवी. तळाचं रबर गुळगुळीत झालं की लगेच बदला. ओझ्याचं उलट आहे: पुढे छोटी पिशवी उचलायची परवानगी मिळाली की ती ऑपरेशनच्या बाजूच्याच हातात धरा, खुब्याला कमी जड जातं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी.

आपल्याकडे खरी पंचाईत बसण्याची. जेवण खाली, पूजा खाली, दुकानात गादी खाली. ऑपरेशन मागच्या बाजूनं झालं असेल तर साधारण पहिले ६ ते १२ आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त दुमडायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. नाहीतर सांधा निखळू शकतो. पुढून झालं असेल तर बंधनं वेगळी. आपलं कुठून झालंय हे सर्जनना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मांडी घालून बसणं काही सर्जन पुढेही कायमचं नको म्हणतात, तेही विचारा.

लक्षात ठेवायला सोपं म्हणजे, बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली असले पाहिजेत. म्हणूनच सोफा वाईट, आत बुडतो. हात असलेली लाकडी खुर्ची घ्या आणि वर सोलापुरी चादर चौघडी करून टाका. स्पंजची गादी दबते, चादरीची घडी दबत नाही. बाहेर जाताना तीच घडी बरोबर, रिक्षाच्या सीटवर टाकायला. रिक्षात आधी पाठमोरं होऊन टेकायचं, आत सरकायचं, मग पाय. रिक्षावाला कितीही घाई करो. शौचाला कमोड, आणि तोही बुटका असेल तर वरून उंची वाढवणारी सीट. खाली पडलेलं काही वाकून उचलू नका. माळ्यावरचा माल ओढायची दुकानातली आकडी मी घरी आणली, रुमालापासून टॉवेलपर्यंत सगळं तिनं येतं.

घरात भाकरी थापणाऱ्या बायकांनी परात ओट्यावर घ्यावी आणि उभ्यानं, पण सलग चार-पाचच्या वर नको, मध्ये खुर्चीवर टेकावं. विडी वळणाऱ्या आयाबायांचं जास्त अवघड, कारण सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास जमिनीवर बसायचं. त्यांनी उंच खुर्ची आणि पुढं सूप ठेवायला टेबल, नाहीतर फळी, अशी सोय केल्याशिवाय कामाला हात लावू नये, आणि दर अर्ध्या तासानं उठून खोलीत फेरी मारावी. हात थांबला की पैसे थांबतात हे कळतं मला, तरी सांगतो.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, त्यातही वेळेचा भरवसा नाही. नळ आला की सगळं घर उठतं आणि बरं वाटत असलेला पेशंटही बादली उचलतो. भरलेली बादली, ओली फरशी आणि घाई, खुब्याला याहून घातक जागा घरात नाही. नळाच्या वेळी पेशंटनं खुर्चीवर बसून पाइप धरावा, फार तर.

शेक, मालिश, गोळ्या

चालून आल्यावर सूज असेल तर बर्फ. टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, थेट कातडीवर नाही, आणि बधिर जागेवर तर जपूनच. गरम शेक नंतरच्या महिन्यांत आखडलेल्या स्नायूंना बरा वाटतो; जखम ताजी असताना किंवा जागा लाल-गरम असताना नको. तेल लावायला जखम पूर्ण भरल्यावर हरकत नसते, पण "मी बसवून देतो" म्हणत पाय ओढणाऱ्या-पिरगळणाऱ्याच्या हातात नवा खुबा देऊ नका. माझ्या ओळखीत असे दोघे हात शिवशिवत बसले होते, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

गोळ्या ठरवून दिल्या असतील तर वेळेवर घ्या, कळ असह्य व्हायची वाट बघू नका. चढलेलं दुखणं उतरवायला जास्त औषध लागतं. फिजिओ येण्याआधी अर्धा-पाऊण तास गोळी घेतली तर व्यायाम नीट होतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं भर मात्र घालू नका. पॅरासिटामॉल अनेक मिश्र गोळ्यांत असतं, सर्दीच्या गोळीतही. मोठ्या माणसाला दिवसात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि वय, वजन किंवा यकृताचा त्रास पाहून डॉक्टर याहून कमी सांगतात. रक्त पातळ करायचं औषध, बीपी, किडनी, पित्त यांपैकी काही असेल तर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोतच. ट्रामाडॉल या दुखण्यावरच्या जोरकस गोळीनं गरगरतं आणि पोट साफ होत नाही. कुंथताना खुब्यात कळ येते ती वेगळीच. ज्वारीची भाकरी, रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी. मे महिन्यात इथं पारा ४० च्या वर असतो, तेव्हा पाणी कमी पडून चालत नाही. फिरायचं तेही ऊन चढायच्या आत: आधी घरात, मग गल्लीत, मग हुतात्मा बागेत, जिथं बसायला बाक आहे. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली की पाय ओढ घेतात, पण अक्षता सोहळ्याच्या गर्दीत त्या वर्षी जाऊ नका. एक धक्का पुरतो.

रात्रीसाठी पुन्हा चादर. लांब घडी करून घट्ट गुंडाळी करा, दोन्ही टोकं नाडीनं बांधा आणि ती गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांच्या मध्ये ठेवा. साधी उशी रात्रीत सटकते आणि वरचा पाय खाली घसरून खुबा ओढला जातो. कुशीवर व्हायची परवानगी मिळाल्यावर आधी चांगल्या कुशीवर, मध्ये गुंडाळी. दुपारची झोप आटोपशीर ठेवा.

ही लक्षणं दिसली तर वही बाजूला ठेवून लगेच डॉक्टर: एकाच पोटरीत नवी सूज आणि दुखणं, ताप-थंडी, जखमेतून पाणी किंवा पू, भोवती वाढती लाली, एकदम कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसणं, भार न देता येणं, पडणं. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनाफोनी न करता थेट दवाखाना, कारण पायातली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. साखर असलेल्यांनी ती ताब्यात ठेवावी, जंतुसंसर्गाचा धोका त्यांना जास्त.

दुखणं महिन्यागणिक जराही कमी होत नसेल, विश्रांतीतही ठणकत असेल, किंवा मध्ये पूर्ण थांबून पुन्हा सुरू झालं असेल, तर "होईल हळूहळू" ऐकून गप्प बसू नका. डॉक्टर नवा एक्स-रे काढतात, ईएसआर आणि सीआरपी या सूज-जंतुसंसर्गाचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करतात, शंका असेल तर सांध्यातलं पाणी काढून तपासतात. कधी दोष खुब्याचा नसून कंबरेच्या मणक्याचा निघतो. जाताना जुने एक्स-रे न्या, तुलना त्यांच्याशीच होते. आणि डिस्चार्जच्या फायलीत सांध्याच्या भागांची स्टिकर्स चिकटवलेली असतात, कंपनी, साइज, बॅच नंबर लिहिलेली. त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवा आणि मोबाइलवर फोटोही. पुढेमागे कुठल्याही गावात, कुठल्याही डॉक्टरला आत काय बसवलंय ते त्यावरूनच कळतं.